तिथीची पाऊणपट

ठाण्याच्या खाडीवर हिवाळ्यात पक्षी बघायला जायचं, तर घड्याळाआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघावी. जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे, बाराच्या आसपास. ही पूर्ण भरतीची वेळ. तिथून सहा-सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी, आणि तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती. हिशोब ढोबळ आहे. मिनिटाला मिनिट तो जुळत नाही, आणि हल्ली मोबाइलवर भरती-ओहोटीचं नेमकं कोष्टक मिळतं. पण दिवाळी-फराळाच्या धांदलीत कुणी विचारलं, की पुढच्या रविवारी ऐरोलीला कधी निघू, तर बोटांवर पाऊणपट करून उत्तर देता येतं, ही सोय कोष्टकात नाही.

या हिशोबाशी पक्ष्यांचा संबंध थेट पोटाचा आहे. पुरती ओहोटी असेल तर खाडीचं पाणी मधल्या प्रवाहापुरतं उरतं आणि दोन्ही काठांना चिखलाची मैदानं उघडी पडतात. पक्षी त्यांच्यावर दूरवर पसरलेले असतात; काठावरच्या माणसाला दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात. पुरती भरती असेल तर चिखल पाण्याखाली गेलेला असतो आणि तोकड्या पायांचे पक्षी तिथून उठून गेलेले असतात. जे काही बघायचं ते मधल्या दोन-तीन तासांत. पाणी चढत असतं, चिखलाची पट्टी अरुंद होत असते आणि तिच्याबरोबर पक्षी काठाकडे सरकत येतात. म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आगेमागे येणारा रविवार सोन्यासारखा. बाराच्या भरतीचं पाणी सकाळी आठ-नऊला चढत असतं, ऊन अजून सोसवतं, आणि उधाण असल्यामुळे पाणी जोरात येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी संथ चढतं, कमी चढतं, आणि उजाडायच्या वेळी ते उतरायला लागलेलं असतं. अशा दिवशी उशिरा उठणाऱ्याचंच फावतं.

खाडी साधारण २६ किलोमीटर लांब. दक्षिणेला ती मुंबई बंदराच्या पाण्यात रुंद होऊन मिसळते. उत्तरेला निमुळती होत जाते आणि ठाण्यापुढे एका चिंचोळ्या फाट्याने उल्हास नदीच्या खाडीला जोडली जाते. पश्चिमेला मुंबईची उपनगरं, पूर्वेला नवी मुंबई आणि ठाणे-बेलापूरचा कारखानदारी पट्टा. या दोन गर्दींच्या मधल्या पाण्याला आणि तिवरांना राज्य सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' म्हणून घोषित केलं. मालवणनंतरचं महाराष्ट्राचं हे दुसरं सागरी अभयारण्य. क्षेत्र १६९० हेक्टर. त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन, बाकी ७९४ हेक्टर पाणी आणि चिखल. विस्तार मुख्यतः ऐरोली पूल ते वाशी पूल. पुढे २०२२ च्या ऑगस्टमध्ये भोवतालचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र धरून ६५२१ हेक्टरला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतर हे राज्यातलं तिसरं रामसर स्थळ.

मुंबईच्या जुन्या पक्षीनिरीक्षकांचा ओढा मात्र अभयारण्याच्या पाटीपेक्षा भांडुप पंपिंग स्टेशनकडे. बोलण्यात नुसतं 'बीपीएस'. पूर्व द्रुतगती महामार्गावरून आत वळलं की सांडपाण्याची तळी, मिठागरं, तिवरांची भिंत आणि त्यापलीकडे खाडी. नवख्या माणसाला पहिल्यांदा जाणवतो तो वास. नेहमीचे लोक त्यावरून आपण वेळेवर पोचलो, एवढाच निष्कर्ष काढतात.

तळ्यांवर शेकाट्यांची गर्दी असते; लांब गुलाबी पायांवर ते इतके जपून चालतात की पाण्याला जेमतेम वलय उठतं. डिसेंबरपासून बदकं जमतात. थापट्या आपली फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरतो, एकामागे एक, म्हणजे पुढच्याने ढवळलेलं मागच्याला मिळतं. तलवार बदकांची शेपटी टोकदार, मान लांब. नर लांबूनही ओळखता येतो. हळदी-कुंकू बदक बारा महिने इथलंच, त्यामुळे त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. दलदली भोवत्या तिवरांवरून कमी उंचीवर उडत आला की हा सगळा जमाव एकदम उठतो, आकाशात दोन फेऱ्या मारतो आणि पुन्हा त्याच पाण्यात उतरतो. ज्याला मोजणी करायची असते त्याच्या तोंडून अशा वेळी जे निघतं ते इथे छापण्यासारखं नाही.

खरं कौशल्य लागतं ते चिखलावरच्या छोट्या पक्ष्यांना. तुतवार, चिखल्या, टिलवे, गॉडविट; रंग करडा-तपकिरी, पोट पांढरं, आणि प्रत्येकाचं वागणं वेगळं. हिवाळ्यात यांचा विणीचा रंगीत पिसारा उतरलेला असतो, त्यामुळे पुस्तकातलं चित्र समोर धरून उपयोग होत नाही. चाल बघावी लागते. चिखल्या धावतो, थबकतो, मान किंचित तिरकी करतो आणि एकच टोच मारतो. त्याची शिकार डोळ्यांनी चालते, म्हणून डोळे मोठे आणि चोच आखूड. गॉडविटचं उलट. लांब सरळ चोच तो मुळापर्यंत चिखलात खुपसतो आणि डोकं खाली ठेवूनच चार पावलं सरकतो. चोचीच्या टोकाला स्पर्शाची जाण असते. बाकी चोच मिटलेली ठेवून फक्त टोक उघडता येतं, त्यामुळे आतला किडा आतच पकडला जातो. कोरल आपल्या वाकड्या चोचीने खेकडा ओढून काढतो, झटके देऊन त्याचे पाय सोडवतो आणि मग गिळतो. उचाट वर वळलेली चोच पाण्याच्या वरच्या थरात डावी-उजवी फिरवत पुढे जातो. एकाच चिखलात चार जातींची चार खोलींवर जेवणं चाललेली असतात, आणि त्यांच्या पायांमधून निवटी उड्या मारत असतात.

यातला छोटा टिलवा वजनाने पंचवीस-तीस ग्रॅमचा. वीण आर्क्टिकच्या टुंड्रा प्रदेशात, हिवाळा इथे. बाकदार चोचीचा तुतवारही सैबेरियाच्या उत्तर टोकाकडचा. यांचा हिवाळा आपल्या हिवाळ्याची वाट बघत नाही. मुंबईत गणपतीची वर्गणी सुरू असते, पाऊस पडत असतो, तेव्हा ऑगस्टमध्येच पहिले थवे चिखलावर उतरलेले असतात. त्यांतल्या काहींच्या छातीवर विणीचा तांबूस रंग अजून शिल्लक असतो. एप्रिलमध्ये परतायच्या आधी तो पुन्हा चढू लागतो. म्हणून अनुभवी लोक ऋतूच्या दोन्ही टोकांना हजेरी लावतात. मधल्या जानेवारीत सगळे करडे.

ज्यांच्या नावाने अभयारण्य आहे ते फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, या मानाने उशिरा येतात. डिसेंबर-जानेवारीत थवे दिसू लागतात, फेब्रुवारी ते एप्रिल गर्दी असते आणि बरेच पक्षी मे संपेपर्यंत रेंगाळतात. जाती दोन. मोठा रोहित चार-साडेचार फूट उंच, पांढुरका, फिकट गुलाबी चोचीला काळं टोक. छोटा रोहित तीन फुटांच्या आतबाहेर, रंगाने गडद, चोच काळपट लाल. खाडीत संख्येने छोटेच कितीतरी जास्त, आणि जागतिक पातळीवर हीच जात 'संकटसमीप' यादीत आहे.

ऐरोलीला कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून अभयारण्यात बोटी सुटतात. सुटायची वेळ रोज बदलते, कारण ती पाणी ठरवतं. बोट थव्याच्या एका बाजूला हळू नेऊन इंजिन मंद केलं, की पहिला येतो तो आवाज. हंसांसारखा, घशातला, अखंड कालवा. मग चोच कशी चालते ते दिसतं. मान खाली सोडलेली, डोकं उलटं, वरची चोच खाली आणि खालची वर. जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, चिखलपाणी आत ओढलं जातं आणि कडेच्या बारीक दातेरी पट्ट्यांमधून बाहेर टाकलं जातं. गाळणीत खाणं उरतं. छोट्याची गाळणी बारीक, त्यामुळे त्याला निळं-हिरवं सूक्ष्म शैवाल मिळतं. मोठ्याची जाड, त्यात कोळंबीसारखे छोटे जीव, अळ्या, शंख अडकतात. मोठा एका जागी पाय आपटत गोल फिरतो आणि चिखल ढवळून काढतो. गुलाबी रंग येतो तो याच खाण्यातल्या रंगद्रव्यातून. पिल्लं करडी असतात आणि रंग भरायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून थव्याच्या कडेला मळकट पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, लहान आहेत. गुडघ्यात उलटा वाकतो असं वाटतं तो सांधा खरं तर घोट्याचा.

उडताना मात्र सगळा रंग एकदम उघडतो. पाण्यावर पाच-दहा पावलं धावत तो हवेत जातो, पंख पसरतात आणि आतला लाल, कडेचा काळा दिसतो. पर्यटकांना हेच छायाचित्र हवं असतं. त्यासाठी बोट आणखी पुढे न्या, टाळ्या वाजवा, अशा फर्माइशी होतात. चरणारा थवा उठवणं म्हणजे त्याचं मोजक्या तासांचं जेवण तोडणं. ओहोटी त्याच्यासाठी थांबणार नसते.

हे पक्षी इथे येतात तरी का? त्यांची वीण गुजरातमध्ये, कच्छच्या रणात. पावसाळ्याचं पाणी खारट मैदानावर साचलं की ते चिखलाचे बुटके बुरूज रचून त्यावर एकेक अंडं घालतात. सलीम अलींनी १९४५ मध्ये तिथल्या 'फ्लेमिंगो सिटी'ला भेट देऊन लाखोंच्या वसाहतीची नोंद केली होती. रण सुकलं की खाण्याच्या शोधात पक्षी विखुरतात. मुंबईत मोठ्या संख्येने ते दिसू लागले १९९० च्या दशकाच्या मध्यापासून, शिवडीच्या जेटीसमोर. पाठीमागे तेलाच्या टाक्या, दुरुस्तीला आलेली गंजकी जहाजं आणि पुढे हजारो गुलाबी पक्षी. वर्तमानपत्रांना ते दृश्य फार आवडलं.

कारण दिसतं तितकं सुंदर नाही. दोन्ही काठांच्या वस्तीचं सांडपाणी खाडीत येतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शैवाल फोफावतं आणि शैवालावर छोटा रोहित जगतो. म्हणजे आपल्या गैरव्यवस्थेचा त्याला फायदा झाला. यावरून काही जण खाडी आहे तशीच बरी, असा सोयीचा अर्थ काढतात. तो चुकीचा आहे. त्याच पाण्यातून कारखान्यांचे जड धातूही येतात, गाळ वाढतो, आणि गाळावर तिवरं पसरत जातात. तिवरं तोडू नयेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आदेश दिला, २०१८ मध्ये तो पक्का केला. ते योग्यच झालं. पण तिवर जिथे उभं राहतं तिथला उघडा चिखल संपतो, आणि फ्लेमिंगोला झाडी चालत नाही. खाडीवर संवर्धन म्हणजे झाडं लावणं, हे सूत्र चालत नाही.

आता भरतीकडे. चिखल बुडाला की लाखभर पक्षी जातात कुठे? बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) अलीकडच्या गणनांत फ्लेमिंगोंचा आकडा काही वर्षी लाखाच्या वर गेला आहे. एवढ्यांना भरतीचे चार-पाच तास उथळ, शांत, उघडं पाणी लागतं, जिथे उभं राहून झोपता येईल, पिसं साफ करता येतील. अशी तळी आहेत भांडुपला, आणि त्याहून जास्त नेरूळ-सीवूड्स भागात : टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागचं पाणथळ, एनआरआय संकुलाजवळची तळी, डीपीएस शाळेमागचा तलाव. नेरूळची ही सगळी तळी वाशी पुलाच्या दक्षिणेला आहेत. अभयारण्याची हद्द त्याआधीच संपते.

सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. अभयारण्याच्या नकाशात आली ती मुख्यतः पक्ष्यांची ओहोटी. भरती बाहेर राहिली. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूच्या निमित्ताने बीएनएचएसने २०१८ पासून इथे दीर्घ अभ्यास सुरू केला आणि २०२२ मध्ये सहा फ्लेमिंगोंच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. त्या पक्ष्यांना नावंही दिली. एकाचं सलीम, एकाचं हुमायूं, सोसायटीच्या दोन थोर पक्षितज्ज्ञांवरून. गुजरात ते मुंबई प्रवास त्यातून नोंदवला गेलाच, पण स्थानिक प्रश्नासाठी जास्त मोलाची होती ती रोजची ये-जा. खाडीतला चिखल आणि काठावरची तळी ही पक्ष्यांच्या लेखी एकच जागा आहे. कागदावर त्या दोन आहेत, आणि दुसरीला बाजारभाव आहे.

एनआरआय संकुलाजवळच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि निवासी इमारती व्हायच्या होत्या. रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी केलेला जमीनवापरातला बदल रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. डीपीएस तलावाची कथा वेगळ्या वाटेने गेली. तिथे कुणी इमारत उभारली नाही. खाडीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या, एवढंच. भरती आत येईना, तलाव सुकू लागला, पक्षी भलतीकडे उतरू लागले. २०२४ च्या सुरुवातीला नेरूळ जेटीजवळच्या एका मोठ्या फलकावर आदळून काही फ्लेमिंगो मेले, एप्रिलमध्ये तलावाच्या परिसरात आणखी मेले. २० मेच्या रात्री घाटकोपरवरून मुंबई विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाला एक थवा धडकला. पंतनगरच्या वस्तीत, रस्त्यावर, गच्च्यांवर ३९ मेलेले पक्षी सापडले. विमान सुखरूप उतरलं. थवा त्या रात्री त्या मार्गावर का होता याचं एकच एक उत्तर देता येत नाही, पण विश्रांतीच्या जागा बिघडल्या की पक्ष्यांची ये-जा वाढते आणि वाट बदलते, हे पक्षितज्ज्ञ त्याआधीपासून सांगत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचंही उद्घाटन झालं. तोही याच पाणथळींच्या शेजारी. विमानांच्या सुरक्षेसाठी तळी बुजवावीत असं सांगणारे आहेत. बुजवलेल्या तळ्यातला पक्षी आकाशात जातो, हे त्यांच्या गणितात धरलेलं नसतं.

या काळात नवी मुंबई स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवू लागली आहे. चौकाचौकांत फ्लेमिंगोंचे पुतळे आहेत, उड्डाणपुलांच्या खांबांवर चित्रं आहेत. पुतळ्यांना भरती लागत नाही, त्यामुळे त्यांची देखभाल सोपी. तरी एक गोष्ट या शहराच्या खात्यावर जमा करायला हवी : डीपीएस तलावासाठी उभे राहिलेले लोक बव्हंशी आसपासच्या सोसायट्यांमधले साधे रहिवासी होते. पत्रं, मोर्चे, मानवी साखळी, तक्रारी असं बरंच त्यांनी केलं. २०२५ मध्ये या सुमारे तीस एकरांच्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याच्या प्रस्तावाला राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली.

दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून चालत आलेला हा उपक्रम. भारतात बीएनएचएस त्याचं काम बघते आणि मोजणारे बहुतेक हौशी स्वयंसेवक असतात. ठाणे खाडीसारख्या ठिकाणी मोजणी सोपी नसते. पक्षी भरतीबरोबर जागा बदलतात, म्हणून एका तळ्यावर सकाळी आणि दुसऱ्यावर दुपारी मोजलं तर तेच पक्षी दोनदा धरले जायची भीती. पुरती भरती साधून, ते गोळा होऊन स्थिर उभे असताना मोजावं लागतं. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरायचं, तशा दहा जागांचा शंभराचा ठोकळा करायचा आणि मग तो ठोकळा थव्यावर कडेपर्यंत मांडत जायचा. दोन माणसांचे आकडे क्वचितच जुळतात; एकाचे आठ हजार तर शेजारच्याचे अकरा, आणि दोघांनाही स्वतःच्या ठोकळ्याची खात्री. वाद रंगात येतो तेव्हा मागच्या बांधावर रंगीत करकोचे उभे असतात. ते मात्र सरळ बोट दाखवून मोजता येतात.